एकच सिलेंडर तापत असेल तर मॅग्नेटोचं टायमिंग हलवू नका

भाऊ, तुम्ही आकडे देऊन प्रश्न विचारला हे फार बरं केलं. बाकी वाचणाऱ्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात मांडतो. विमान सेसना १७२, इंजिन चार सिलेंडरचं लायकोमिंग ओ-३२०, कार्बुरेटरवालं. चढाईत तीन नंबरच्या सिलेंडरचं हेड ४३० डिग्री फॅरनहाइटपर्यंत जाते आणि बाकीचे तिघं ३६० ते ३७५ मध्ये राहतात. रनअपला (उड्डाणाआधीच्या तपासणीत) एकट्या लेफ्ट मॅग्नेटोवर (प्लगला ठिणगी देणाऱ्या दोन यंत्रांपैकी डाव्यावर) चालवलं की १४० आरपीएमचा ड्रॉप येते, म्हणजे मिनिटाच्या फेऱ्या तेवढ्या पडतात, आणि इंजिन थोडं खडखडते, राइटवर ७० येते आणि एकदम स्मूथ. हँगरमधले एक सिनियर म्हणतात टायमिंग दोन डिग्री पुढं घ्या, म्हणजे ठिणगी आणखी आधी पाडा, दुसरे म्हणतात चारही सिलेंडर बॅलन्स करून घ्या, आणि तुम्ही अजून ट्रेनी आहात, कोणाचं ऐकावं समजून नाही राहिलं.

समोर विमान नसताना मी छातीठोक निदान देऊ शकत नाही हे आधीच सांगतो. मॉनिटर कोणतं बसवलं आहे, प्रोब कुठं लावले आहेत, इंजिनाचे तास किती झाले, पावसाळ्यात विमान किती दिवस उभं होतं, यावर बरंच काही अवलंबून आहे. पण विदर्भातल्या उन्हात फ्लाइंग स्कूलच्या विमानांवर एएमई (विमान देखभालीचा इंजिनिअर) म्हणून माझं आयुष्य गेलं आहे आणि तुमचे आकडे वाचून एक गोष्ट मला स्पष्ट दिसते. तुमच्याकडं दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि हँगरमध्ये त्यांची एकच तक्रार करून टाकली आहे. तीन नंबर तापणं वेगळं, लेफ्ट मॅग्नेटोचा ड्रॉप वेगळा. दोघांचं मूळ एक असण्याची शक्यता कमी आहे, आणि टायमिंग पुढं घेणं हा दोघांपैकी एकाचाही इलाज नाही.

आधी टायमिंगचं पाहू, काहून की गैरसमज तिथूनच सुरू होते. ओ-३२० च्या बहुतेक मॉडेलमध्ये ठिणगी पिस्टन वर पोहोचायच्या २५ डिग्री आधी पडते. काही आयओ-३६० मध्ये २० असते, कॉन्टिनेंटल ओ-२०० मध्ये २४ असते, म्हणून आपल्या इंजिनाचा आकडा नेहमी डेटा प्लेटवर (इंजिनावरच्या माहितीच्या पट्टीवर) वाचायचा, पाठ केलेला वापरायचा नाही. एवढ्या आधी ठिणगी काहून पाडतात, तर मिश्रण एकदम भडकत नाही, ज्योत प्लगपासून निघून पसरत जाते आणि त्याला वेळ लागते. २७०० आरपीएमवर २५ डिग्री म्हणजे जेमतेम दीड मिलिसेकंद. तेवढ्या वेळात ज्योत पसरून दाब असा वाढला पायजे की त्याचा कळस पिस्टन वरून खाली निघाल्यावर साधारण १५ डिग्रीच्या आसपास येईल, तेव्हाच तो दाब क्रँकला चांगला फिरवते. कळस लवकर आला तर दाब आणि उष्णता हेडमध्ये आणि पिस्टनमध्ये शिरते, उशिरा आला तर तीच उष्णता एक्झॉस्टमधून बाहेर जाते.

यातून निदानाचं एक फार कामाचं साधन मिळते. टायमिंग पुढं गेलं असेल तर हेडचं तापमान वाढते आणि ईजीटी (एक्झॉस्टच्या वायूचं तापमान) उतरते. टायमिंग मागं पडलं असेल तर ईजीटी वाढते, हेड थंड राहते आणि ताकद कमी होते. आणि मुख्य म्हणजे हे चारही सिलेंडरवर सोबतच दिसते, काहून की एक मॅग्नेटो चारही सिलेंडरला ठिणगी देते आणि त्याचं टायमिंग चौघांसाठी सारखंच हलते. ठिबकच्या एकाच नळीवरची पऱ्हाटी सुकली तर आपण मोटर खोलत नाही, ती नळी पाहतो. तुमचा एकटा तीन नंबर बाकीच्यांपेक्षा ५५-७० डिग्रीनं वर आहे आणि तिघं ठीक आहेत, म्हणजे दोष चौघांत सारख्या असलेल्या गोष्टीत नाही, तीन नंबरच्या स्वतःच्या काहीतरी गोष्टीत आहे.

आता त्या सिनियरांच्या सल्ल्याचं. टायमिंग पुढं घेतलं की मॅग ड्रॉप कमी दिसते हे खरं आहे, त्यांनी ते पाहिलंही असेल. एका मॅग्नेटोवर चालवलं की प्रत्येक सिलेंडरमध्ये एकच प्लग जळते, दोन ज्योतींऐवजी एकच ज्योत सगळं अंतर कापते, म्हणून जळायला जास्त वेळ लागते आणि आरपीएम पडते. टायमिंग पुढं असलं तर त्या हळू ज्योतीला आधीच सुरुवात मिळते आणि ड्रॉप छोटा दिसते. पण याचा अर्थ ड्रॉप छोटा दिसणं म्हणजे इंजिन निरोगी असा होत नाही. मला ड्रॉप जवळजवळ शून्य दिसला तर मी जास्त घाबरतो, काहून की एकतर टायमिंग पुढं सरकलं आहे नाहीतर पी-लीड (स्विचवरून मॅग्नेटो बंद करणारी तार) तुटली आहे आणि स्विच बंद करूनही तो मॅग्नेटो चालूच आहे. पी-लीड तुटलेल्या विमानाचा प्रोपेलर कोणी सहज हातानं फिरवला तर काय होऊ शकते हे तुम्हाला सांगायची गरज नाही.

आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात टायमिंग पुढं घेणं म्हणजे आणखीच धोक्याचं. हिशेब करून पहा. धावपट्टी समुद्रसपाटीपासून हजार फुटांवर आहे, तिथं मानक हवेचं तापमान १३ सेल्सिअस असते. नवतपात हवा ४५ ची असते. ३२ डिग्रीचा फरक, प्रत्येक डिग्रीला साधारण १२० फूट, म्हणजे जमिनीवर उभं असतानाच डेन्सिटी अल्टिट्यूड (हवेच्या विरळपणानुसार विमानाला जाणवणारी उंची) ४८०० फुटांच्या वर. हवा विरळ म्हणून चढाई मंद, चढाई मंद म्हणून पूर्ण पॉवरवर जास्त वेळ राहावं लागते, आणि काउलिंगमधून (इंजिनावरच्या झाकणातून) जाणारी हवा आधीच गरम. त्यात कार्बुरेटरमध्ये शिरणारी हवाही गरम, म्हणजे डेटोनेशनची (मिश्रण पसरत जळण्याऐवजी एकदम भडकण्याची) रेषा जवळ आलेली. अशा वेळी टायमिंग दोन डिग्री पुढं घेतलं तर चारही हेड आणखी तापतील आणि तीन नंबर जो आधीच वर आहे त्याच्यात डेटोनेशनपासून जी थोडी जागा उरली असते तीही तुम्ही खाऊन टाकता. डेटोनेशन सुरू झालं की काही मिनिटांत पिस्टनचं काम होऊ शकते. सर्टिफाइड इंजिनवर टायमिंग डेटा प्लेटवर लिहिलं आहे तेच ठेवायचं असते, मॅन्युअलमधल्या टॉलरन्सच्या आत, आणि ती टॉलरन्स फार बारीक असते. त्याच्या बाहेर जाऊन कोणताही एएमई सही करू शकत नाही आणि त्यानं करूही नये.

बरं, मग लेफ्ट मॅग्नेटोचं काय करायचं. तुमच्या जुन्या १७२ च्या पीओएचमध्ये (पायलटसाठीच्या पुस्तकात) १७०० आरपीएमवर ड्रॉप १२५ च्या वर नको आणि दोघांतला फरक ५० च्या वर नको असं असते, नव्या १७२ एस मध्ये १८०० वर १५० आणि ५० असते. आधी तुमच्या विमानाचं पुस्तक उघडून आकडा पहा, आणि रनअप त्याच आरपीएमवर होऊन राहिलं आहे ना तेही पहा, नाहीतर आकड्यांची तुलनाच होत नाही. जुन्या पुस्तकाप्रमाणं धरलं तर १४० हा मर्यादेच्या बाहेर आणि ७० चा फरकही बाहेर. म्हणजे हे विमान असंच उडवायचं नाही, दुरुस्ती करूनच.

तुम्ही लिहिलं "थोडं खडखडते". हा शब्द फार महत्त्वाचा आहे भाऊ. ड्रॉप मोठा पण इंजिन स्मूथ असेल तर मी टायमिंग आणि मिक्स्चर (हवा-पेट्रोलचं प्रमाण) पाहतो, काहून की चारही सिलेंडर सारखे ढिले पडले असतात. ड्रॉप मोठा आणि सोबत खडखडाट असेल तर एखादं सिलेंडर ठिणगी चुकवून राहिलं असते, म्हणजे प्लग, नाहीतर हार्नेसची लीड (प्लगपर्यंतची तार), नाहीतर मॅग्नेटोचा डिस्ट्रिब्यूटर (ठिणगी त्या त्या सिलेंडरला वाटणारा भाग). याच क्रमानं पाहायचं, कारण याच क्रमानं ते सापडतात.

कोणता प्लग ते शोधायला सगळे आठही काढायची घाई नको. १७२ मध्ये लेफ्ट मॅग्नेटो डाव्या बाजूचे खालचे आणि उजव्या बाजूचे वरचे प्लग चालवते. लायकोमिंगमध्ये उजवीकडं पुढचा १, डावीकडं पुढचा २, उजवीकडं मागचा ३, डावीकडं मागचा ४. म्हणजे तुमचे संशयित फक्त चार: एक आणि तीनचे वरचे, दोन आणि चारचे खालचे. खालच्या प्लगमध्ये तेल आणि शिसं साचते म्हणून माझं पहिलं बोट दोन आणि चारच्या खालच्या प्लगकडं जाते. मॉनिटरवर चारही ईजीटी दिसत असतील तर लेफ्टवर टाकून पहा, चांगल्या सिलेंडरची ईजीटी वाढेल आणि ज्याची ठिणगी मेली आहे त्याची झपकन पडेल. मॉनिटर नसेल तर लेफ्टवर मिनिटभर चालवून त्याच मॅग्नेटोवर बंद करायचं आणि लगेच इन्फ्रारेड थर्मामीटरनं एक्झॉस्टचे चारही पाइप मोजायचे, थंड पाइपवालं सिलेंडर तुमचं.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. समजा तीन नंबरचाच वरचा प्लग मेला असता, तर दोन्ही मॅग्नेटोवर उडताना त्या सिलेंडरमध्ये एकच ज्योत जळली असती, जळणं लांबलं असतं, म्हणजे त्याची ईजीटी वर गेली असती आणि हेड उलट थंड पडलं असतं. तुमचं हेड गरम आहे. म्हणून म्हणतो की दोन तक्रारी वेगळ्या आहेत.

प्लग काढला की साफ करा, पण मीडिया ब्लास्टिंग (बारीक कणांचा मारा) जास्त वेळ करू नका, सिरॅमिक खराब होते. साध्या मॅसिव्ह इलेक्ट्रोडच्या प्लगचा गॅप ०.०१६ ते ०.०२१ इंच. मल्टीमीटरनं आतला रेझिस्टर मोजा, ५००० ओहमच्या वर गेलेला प्लग मी परत लावत नाही, दिसायला कितीही चांगला असो. हातातून फरशीवर पडलेला प्लग तर सरळ कचऱ्यात, सिरॅमिकला आतून गेलेली चीर डोळ्याला दिसत नाही आणि ती उडताना दाबाखालीच उघडी पडते. परत लावताना नवीन कॉपर गॅस्केट, मॅन्युअलप्रमाणं टॉर्क, ओ-३२० ला ३५ फूट-पाउंड, आणि जागा बदलून लावा, खालचे वर, वरचे खाली, फायरिंग ऑर्डर १-३-२-४ प्रमाणं पुढच्या सिलेंडरवर. त्यामुळं इलेक्ट्रोडची झीज सारखी होते. आणि शाळेच्या विमानात प्लग परत परत घाण होत असतील तर पोरांना टॅक्सी करताना मिक्स्चर लीन (पेट्रोल कमी) करायला शिकवा. दिवसभर फुल रिचवर रांगेत उभं राहून विमान १०० एलएल पेट्रोलमधलं सगळं शिसं प्लगवर चढवून घेते.

धानाच्या पट्ट्यात, म्हणजे गोंदिया-भंडाऱ्याकडं, पावसाळ्यात अजून एक प्रकार पाहायला मिळते. सकाळी पहिल्या रनअपला मोठा ड्रॉप, दुपारी तेच विमान ठीक. तो ओलावा असते, हार्नेसच्या टोकावर किंवा डिस्ट्रिब्यूटर ब्लॉकमध्ये. वाळलं की लक्षण जाते पण कार्बनची रेष तिथं राहून जाते आणि मग उंचीवर, जिथं हवा विरळ असते, ठिणगी त्या रेषेवरून भलतीकडं उडी मारते. असं झालं तर टोकं साफ करून सिरॅमिकवर तडा आहे काय ते भिंगाखाली पाहायचं.

प्लग आणि लीड चांगले निघाले तर मग मॅग्नेटोचं टायमिंग तपासायचं. तपासायचं म्हणतो, बदलायचं नाही. झीज दोन्हीकडं नेते हे समजून घ्या. पॉइंटचा (उघडला की ठिणगी पाडणाऱ्या संपर्काचा) जो भाग कॅमवर घासते तो झिजला की पॉइंट उशिरा उघडते आणि टायमिंग मागं पडते. पॉइंटचे संपर्काचे पृष्ठभाग झिजले की उलट, पॉइंट लवकर उघडते आणि टायमिंग पुढं सरकते. दोन्ही बाबतीत मॅग्नेटोच्या आतलं टायमिंगही बिघडते, म्हणजे चुंबक ज्या क्षणी सर्वात जास्त जोर देते त्या क्षणी पॉइंट उघडत नाही आणि ठिणगीच कमजोर होते. म्हणून नुसता मॅग्नेटो बाहेरून थोडा फिरवून आकडा जुळवणं हे अर्धं काम आहे. आकडा डेटा प्लेटपासून तीन-चार डिग्री सरकलेला सापडला तर मॅग्नेटो उघडायची वेळ झाली समजा. ५०० तासांची तपासणी कधी झाली ते लॉगबुकात पहा, पुष्कळदा उत्तर तिथंच मिळते.

तपासताना तुमच्या एएमईच्या सोबत राहा आणि हे क्रमानं पहा. चारही वरचे प्लग काढायचे, त्यानं इंजिन हलकं फिरते आणि चुकून पेटायचा धोका फार कमी होते. एक नंबरच्या भोकावर अंगठा ठेवून प्रोपेलर चालायच्याच दिशेनं फिरवायचा, हवा अंगठा ढकलायला लागली की कॉम्प्रेशन स्ट्रोक. इम्पल्स कपलिंग (सुरू करताना मॅग्नेटोला झटका देणारा स्प्रिंगचा भाग) टक करून सुटू द्यायचं, मग प्रोपेलर मागं नेऊन ३५ डिग्रीच्या पलीकडं घ्यायचा आणि तिथून हळू हळू पुढं आणत २५ ची खूण स्टार्टर हाउसिंगवरच्या छोट्या भोकासमोर आणायची. मागून पुढं येतानाच खूण जुळवायची, जास्त पुढं गेलात तर थोडं मागं घेऊन भागवायचं नाही, पुन्हा ३५ पर्यंत जायचं, नाहीतर गिअरचा बॅकलॅश तुम्हाला एखादा डिग्री खोटा दाखवते. टायमिंग बॉक्सचे (पॉइंट उघडल्याचं दाखवणाऱ्या यंत्राचे) दोन्ही लाइट खुणेवर जवळजवळ सोबत बदलले पायजे. आणि प्रोपेलरसमोर उभं राहताना कायम असंच समजा की मॅग्नेटो चालू आहे, इम्पल्स कपलिंग हातानं फिरवल्यावरसुद्धा पूर्ण जोराची ठिणगी देते, ते त्याचं कामच आहे.

एवढं झालं लेफ्ट मॅग्नेटोचं. आता तीन नंबर.

पहिलं काम, ते खरंच तापून राहिलं आहे काय. सेसनामध्ये कंपनीचा मूळ सीएचटी (हेडच्या तापमानाचा) प्रोब एका सिलेंडरच्या ठरलेल्या भोकात बसवला असते, आणि पुष्कळदा ते सिलेंडर तीन नंबरच असते. नंतर चार सिलेंडरचं मॉनिटर बसवलं की त्या एका सिलेंडरला जागा उरत नाही, म्हणून तिथं प्लगच्या खाली बसणारा गॅस्केट प्रोब लावतात. तो वेगळ्याच ठिकाणचं तापमान मोजते आणि ३०-४० डिग्री जास्त दाखवणं त्याच्यासाठी काही विशेष नाही. तुमचा ५५-७० चा फरक त्यातच बराचसा संपून जाऊ शकते. तेव्हा काउलिंग उघडा आणि पहा चारही प्रोब एकाच जातीचे आहेत काय. एकाच जातीचे असतील तर तीनचा आणि एकचा प्रोब आपसात बदला आणि एक फ्लाइट करा. गरमी प्रोबसोबत एकवर गेली तर प्रोब खराब, तीनवरच राहिली तर सिलेंडर खरंच गरम आहे. याला खर्च काही नाही, आणि तरी लोक हे सोडून थेट सिलेंडर काढायच्या गोष्टी करतात याचं मला फार वाईट वाटते, चांगलं सिलेंडर विनाकारण काढण्यात इंजिनाचं नुकसानच होते.

खरंच गरम निघालं तर मी हवेचा रस्ता पाहतो. बॅफल. चारही सिलेंडरच्या भोवती पत्र्याच्या भिंती आणि त्यांच्या कडेला सिलिकॉनची पट्टी असते, समोरून आलेली हवा वर दाबून धरायची आणि फिन्समधून खाली काढायची एवढंच त्यांचं काम. पट्टी मागं दुमडली, पत्र्यात तडा गेला, एखाद्या भोकाचं ग्रॉमेट पडलं, की हवा सोपा रस्ता धरते आणि मागचं सिलेंडर कोरडं राहते. तीन नंबर मागचा आहे. काउलिंग लावल्यावर पट्टी कुठं टेकते ते आतून टॉर्च लावून पाहा, जिथं टेकते तिथं काउलिंगवर घासल्याची रेष असते, रेष तुटली की तिथून हवा निसटून राहिली. सिलेंडरच्या मधल्या आणि खालच्या बॅफलकडं कोणी पाहत नाही, ओव्हरहॉलनंतर ते ढिले किंवा उलटे लावलेले मी पाहिले आहेत. आणि फिन्सच्या आत पाहा. आपल्याकडं मार्च-एप्रिलमध्ये साळुंकीला काउलिंग फार आवडते, एका दुपारात ती एवढं गवत भरते की एक सिलेंडर झाकून जाते. कुंभारीण माशीनं फ्युएल व्हेंटमध्ये (टाकीत हवा जायच्या नळीत) आणि पिटोमध्ये (वेग मोजायच्या नळीत) माती भरली नाही ना तेही हात लागल्यावर पाहून घ्या.

हवेचा रस्ता ठीक असेल तर मग मिश्रण. इथं बॅलन्सवाल्या तुमच्या दुसऱ्या सिनियरांचं म्हणणं येते, आणि त्यात अर्थ आहे, फक्त बॅलन्स करायचा कोणता स्क्रू या इंजिनावर नसते. कार्बुरेटर एकच, तिथून चार पाइप निघतात, प्रत्येकात हवा आणि पेट्रोलचं प्रमाण थोडं थोडं वेगळं जाते, हे या इंजिनाच्या स्वभावातच आहे. इंजेक्शनवाल्या इंजिनात नोझल बदलून ते जुळवता येते, कार्बुरेटरवाल्यात नाही. आपण एवढंच करू शकतो की जे सिलेंडर बाकीच्यांपेक्षा वेगळं वागून राहिलं त्याचं कारण काढायचं.

सर्वात जास्त सापडणारं कारण इंटेक लीक. पाइपच्या फ्लँजचं गॅस्केट, संपकडचा रबरी होज आणि क्लॅम्प, नाहीतर प्रायमरच्या (सुरू करताना पेट्रोल देणाऱ्या) लाइनचं ढिलं फिटिंग. तिथून जास्तीची हवा आत शिरते आणि ते एकटं सिलेंडर लीन होते. ओळखायची पद्धत सांगतो, ही माझ्या मते या सगळ्या उत्तरातली सर्वात उपयोगाची गोष्ट आहे. थ्रॉटल बंद असताना पाइपमध्ये बाहेरच्यापेक्षा फार कमी दाब असते, म्हणून लीकमधून हवा जोरात ओढली जाते. फुल थ्रॉटलला आतबाहेर दाब जवळजवळ सारखा होते आणि लीकचा परिणाम जवळजवळ संपते. तर तीनची ईजीटी आयडलला आणि कमी पॉवरला बाकीच्यांपेक्षा वेगळी आणि फुल थ्रॉटलला सारखी असेल तर लीक. उलट तुमची गरमी चढाईत, फुल थ्रॉटलला दिसून राहिली आहे, म्हणून लीक माझ्या यादीत बॅफलच्या खाली आहे. तरीपण फ्लँजजवळ निळसर डाग दिसतो काय पाहा, १०० एलएलचा रंग निळा असते आणि जिथून झिरपते तिथं तो वाळून राहते. नक्की करायचं असेल तर व्हॅक्युम क्लिनरची हवा सोडायची बाजू इनटेकला जोडून हलका दाब द्या आणि जोडांवर साबणाचं पाणी मारा, फेस येईल तिथं लीक.

सोबतच मिक्स्चरचा नॉब पूर्ण आत ढकलल्यावर कार्बुरेटरचा लिव्हर स्टॉपला टेकते काय ते डोळ्यानं पाहा. केबल थोडी लांबली तर पायलटला फुल रिच वाटते आणि प्रत्यक्षात नसते. यात चारही तापतात, पण जो आधीच कमजोर असते तो आधी दिसते.

क्रूझमध्ये एक चाचणी पायलटकडून करून घ्या. सुरक्षित उंचीवर, ६५ टक्के पॉवर किंवा त्याखाली, मिक्स्चर अगदी हळू लीन करत जायचं आणि प्रत्येक सिलेंडरची ईजीटी वाढत जाऊन परत उतरायला लागते तो क्षण फ्युएल फ्लोच्या आकड्यासोबत लिहायचा. कोणाची ईजीटी किती वर गेली याला फारसा अर्थ नाही, प्रोब एक्झॉस्टच्या पाइपात किती दूर बसवला यावर तो आकडा बदलते. अर्थ आहे तो कोण आधी कळसाला पोहोचला याला. तीन नंबर बाकीच्यांच्या बराच आधी पोहोचला तर तो लीन आहे. सोबतच पोहोचला तर मिश्रण ठीक, परत हवेच्या रस्त्याकडं चला. चांगल्या जुळवलेल्या इंजेक्शन इंजिनात पहिल्या आणि शेवटच्यात अर्धा गॅलन तासाला एवढाच फरक असते, कार्बुरेटरवाल्याकडून तेवढी अपेक्षा ठेवू नका.

हे सगळं चांगलं निघालं तरच सिलेंडरच्या आत जायचं. गरम इंजिनावर ८० पीएसआयची डिफरन्शियल कॉम्प्रेशन टेस्ट (सिलेंडरमध्ये हवा भरून किती दाब टिकते ते पाहायचं), ७० च्या वर आणि चारही सारखे असतील तर चिंता नाही, ६५ च्या खाली किंवा एकमेकांत १०-१५ चा फरक असेल तर हवा कुठून जाते ते कान लावून ऐका, एक्झॉस्टमधून फुसफुस म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, तेलाच्या तोंडातून म्हणजे रिंग. सोबत बोरस्कोप (आत पाहायचा बारीक कॅमेरा) टाकून एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा चेहरा पाहा, रंग मधोमध सारखा असावा, एका कडेला वेगळा डाग असेल तर व्हॉल्व्ह जळायला लागला. आणि विमान पावसाळाभर उभं असेल तर कॅमशाफ्ट विसरू नका. लायकोमिंगमध्ये तो क्रँकच्या वर असते, तेल निथळून जाते आणि ओल्या हवेत लोबला गंज चढते, मग लोब झिजते आणि व्हॉल्व्ह पूर्ण उघडत नाही. चार सिलेंडरच्या या इंजिनात इंटेकचा एक लोब समोरासमोरच्या दोन सिलेंडरला चालवते, म्हणून तीनसोबत चार नंबरही कमजोर वाटला तर डायल इंडिकेटरनं लिफ्ट मोजायची आणि ऑइल फिल्टर कापून धातूचे कण पाहायचे.

तोपर्यंत उडवायची वेळ आली, म्हणजे मॅग्नेटोचं काम होऊन ड्रॉप मर्यादेत आल्यावर, तर पायलटला सांगा की चढाई थोड्या जास्त स्पीडनं करा, नाक खाली ठेवून ८० ते ८५ नॉट, हवा जास्त मिळते. लायकोमिंगची लाल रेषा ५०० फॅरनहाइट, म्हणजे २६० सेल्सिअस, पण ती तुटायची रेषा आहे, राहायची नाही. मी क्रूझला ४०० च्या खाली पाहतो, आणि मे महिन्यात शाळेनं सर्किटचे तास सकाळी नऊच्या आत संपवावे असं माझं स्पष्ट मत आहे.

शेवटी तुम्ही मित्राच्या मायक्रोलाइटचं विचारलं, रोटॅक्स ९१२ आहे, त्याचं टायमिंग कसं सेट करावं. त्यात सेट करायला काही नाही, इलेक्ट्रॉनिक इग्निशन आहे आणि टायमिंग कारखान्यातच ठरलं आहे. पण त्या इंजिनात बॅलन्स खरोखर करायची गोष्ट असते, काहून की कार्बुरेटर दोन आहेत आणि प्रत्येक आपल्या बाजूच्या दोन सिलेंडरला चालवते. केबल एकीकडं थोडी ढिली झाली की एक बाजू दुसरीला ओढत चालते, आयडलला अंग थरथरते आणि तो मार गिअरबॉक्स खाते. आधी केबल आणि स्टॉप हातानं सारखे करायचे, मग दोन व्हॅक्युम गेज लावून आयडलला आणि त्याच्या वर दोन्हीकडं जुळवायचं. आयडल फार खाली ठेवू नका. आणि त्याला सांगा की पंपावरचं पेट्रोल टाकण्याआधी इथेनॉल तपासायचं, रोटॅक्सची मर्यादा १० टक्के आहे आणि आता आपल्या पंपांवर २० टक्क्यांचं मिळते.

तर आता तुमच्याकडून मला एवढं पायजे: तीन नंबरचा प्रोब कोणत्या जातीचा आहे, प्रोब बदलल्यावर गरमी कुठं गेली, लेफ्टवर टाकल्यावर चारही ईजीटीचे आकडे, तीनची ईजीटी आयडलला आणि फुल थ्रॉटलला किती, आणि लॉगबुकातली मॅग्नेटोच्या मागच्या ५०० तासांच्या तपासणीची नोंद. जमलं तर काउलिंग उघडून तीन नंबरच्या मागच्या बॅफलचा फोटोही टाका, वरून आणि खालून दोन्हीकडून.